ड्रिलमास्तरांची नजर

आमच्या शहरात कुठल्याही घरात शिरा, समोरच्या भिंतीवरून कुणीतरी तुमच्याकडे असं बघतं, की जणू तुम्ही रांग मोडून आत घुसला आहात. घर सुताराचं असो की दातांच्या डॉक्टरांचं. फोटो वडिलांचा असो, मावशीचा असो, नाहीतर दुपट्यावर पालथं घातलेल्या तान्ह्या बाळाचा असो. चेहरे निरनिराळे, कान निरनिराळे, नाकांचं तर विचारूच नका. पण डोळे मात्र तेच. वटारलेले, ‘सरळ उभा राहा’ म्हणणारे. पाहुणा नवखा असला तर नकळत शर्टाचं वरचं बटण लावतो. आम्हाला सवय आहे. आम्ही त्या डोळ्यांसमोर जेवतो, भांडतो, आणि खोटं बोलायचं असलं की स्वयंपाकघरात जाऊन बोलतो.

हे डोळे ड्रिलमास्तरांचे. ज्याची ही गोष्ट आहे त्या डोळेभाऊचे ते सख्खे आजोबा.

मास्तर शाळेत कवायत शिकवत. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोला ‘विश्राम’ आणि ‘सावधान’ करायला लागले, तेव्हा त्या माउलीने भावाकडून एक जुना लाकडी कॅमेरा आणवला आणि बाजाराच्या टोकाला एक अरुंद गाळा बघून दिला. कवायत आणि फोटोग्राफी यांत मास्तरांच्या मते काडीचाही फरक नव्हता. दोन्हीकडे समोरच्याने हलायचं नसतं.

गाळा अजून तसाच आहे. पुढे काउंटर, मग एक बाक आणि आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, आणि आत फोटोची खोली. त्या खोलीत भिंतभर रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्याकाठी संगमरवरी जिना आणि तळ्याच्या बरोब्बर मध्यावर हवेत लटकणारं झुंबर. ते कशाला टांगलंय, असं कुणी कधी विचारलं नाही. पडद्यासमोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला तोंड उघडायची परवानगीच नव्हती.

मास्तरांची पद्धत ठरलेली. काळ्या कापडात डोकं घालायचं, गिऱ्हाईक चौकटीत बसलंय ना ते बघायचं, हातात कॅमेऱ्याचा रबरी फुगा धरायचा, आणि फुगा दाबायच्या ऐन क्षणी, डोकं कापडातच ठेवून, मैदानावरच्या आवाजात गरजायचं, ‘‘डोळे!’’

म्हणजे डोळे उघडे ठेवा.

ही गर्जना अशी होती, की शेजारच्या न्हाव्याने ‘आत कुणी बसलंय का’ हे विचारल्याशिवाय वस्तरा हातात घेणं सोडून दिलं होतं. स्टुलावरचा माणूस अर्थातच डोळे गच्च मिटून घ्यायचा.

तुमच्या लक्षात आलं. आलंच असणार. पण तुम्ही काळ्या कापडात डोकं घालून उभे नाही आहात. मास्तरांना दिसायचं ते निगेटिव्ह धुतल्यावर, आणि तिथे बघावं तर पापण्याच पापण्या. मास्तर उसासा टाकत. ‘‘माणसाची जातच भेकड. उजेड म्हणून सोसत नाही.’’ दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी ते आणखी मोठ्याने ओरडत. आणि गिऱ्हाईक? प्रत्येकाला वाटे, मिटणारे डोळे आपल्या एकट्याचेच. असली गोष्ट चारचौघांत कोण सांगतो?

पण मिटल्या डोळ्यांचा फोटो लोकांच्या हातात ठेवायचा कसा? मग मास्तर बारीक ब्रश घेऊन प्रिंटवर डोळे काढायला शिकले. नमुना हवा म्हणून समोर आरसा ठेवला, आणि आरशात जे दिसले ते काढले. एकदा हात बसला तो बसला.

मास्तर थकल्यावर मुलगा गादीवर आला. तो शास्त्रीय वृत्तीचा. त्याने दोष दिव्याला दिला आणि लहान दिवा लावला. डोळे मिटलेलेच. आणखी लहान लावला. शेवटी दिवा इतका लहान झाला की फोटोत माणूसच दिसेना. पण बारकाईने पाहिलं तर त्या अंधारात त्याचे डोळे मिटलेले होते. तेव्हा त्याने हात टेकले आणि वडिलांकडून डोळे काढायला शिकून घेतलं. ‘‘डोळे!’’ ओरडायचं मात्र त्याने एकदाही चुकवलं नाही. ओरडूनही ही गत, तर न ओरडता काय होईल, असं तो म्हणे.

शहरानेही जमवून घेतलं. नगरपालिकेत माजी अध्यक्षांच्या तसबिरी ओळीने लावल्यात. सगळे एकमेकांवर आळ घेतल्यासारखे समोर बघतात. कारखान्याच्या फाटकावर रखवालदार ओळखपत्र बघे, माणसाकडे बघे आणि म्हणे, ‘‘हा तू नाहीस. वटार जरा.’’ माणूस डोळे वटारी. ‘‘हां, आता आहेस. जा.’’ सकाळच्या पाळीला शे-दीडशे माणसं डोळे वटारून फाटकातून आत जाताना बाहेरगावच्या लोकांना वाटे, आज इथे संप आहे.

आता डोळेभाऊ. मास्तरांचा नातू, पण आजोबांचा वारसा फक्त ब्रशात उतरला. माणूस काडीसारखा, बोलणं हळू. दिवसभर रिटचिंगच्या उतरत्या टेबलावर ओणवा होऊन डोळे काढायचा. चहा पिता पिता काढायचा. पेपर वाचता वाचता काढायचा. मान कायम खाली, त्यामुळे खुद्द त्याचे डोळे कसे आहेत हे शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवसातून काही वेळा मात्र तो कापडात शिरून ‘‘डोळे!’’ असा ओरडे, आणि बाहेर येऊन लाजे.

वडील गेल्यावर काउंटर आईने सांभाळलं. आईचं या घरात येणंही फोटोमुळेच. मास्तर मुलासाठी मुली बघत होते, तेव्हा कुणीतरी हिचा फोटो आणला. फोटो अर्थातच याच स्टुडिओतला. मास्तरांनी तो हातात घेतला, डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाले, ‘‘हीच. नजर अगदी घरातली वाटते.’’ आई घरात आली आणि ज्या नजरेला आपण फोटोत नावं ठेवत होतो तीच नजर समोर खुर्चीत बसून पेपर वाचतेय, हे पाहून तिचे डोळे पांढरे झाले. पुढची कितीतरी वर्षं तिने मान खाली घालून काढली. पण धंद्याची निष्ठा अशी, की ती अजूनही सांगते, ‘‘माणूस खोटं बोलेल. फोटो बोलत नाही.’’

आणि मग आमच्या पोस्टात बदली होऊन एक मुलगी आली. खिडकीवर तिकिटं विकायची, पाकिटं वजन करायची, आणि कुणी रांगेत घुसलं की वर न बघता म्हणायची, ‘‘तुमचा नंबर दुसऱ्या जन्मात आहे, काका.’’ शहराने तिचं नाव ‘पोस्टातली’ असंच ठेवलं. तिला ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. ती आली, स्टुलावर बसली, डोळेभाऊ कापडात शिरला.

त्या कॅमेऱ्याच्या काचेत माणूस उलटा दिसतो. डोकं खाली, स्टूल वर. प्रेमात माणूस उलटापालटा होतो म्हणतात. इथे मुलगीच उलटी होती. झुंबरावर तळं सांडत होतं आणि त्याच्या खाली दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. एक जरासा मोठा, एक जरासा लहान, आणि दोघांचं मिळून काहीतरी गमतीचं चाललेलं. डोळेभाऊ बघतच राहिला.

‘‘झोपलात का हो आत?’’ तिने विचारलं.

‘‘डोळे!’’ तो गरजला.

दोन दिवसांनी ती फोटो न्यायला आली. पाकीट उघडलं, आणि काउंटरवर आपटलं.

‘‘हे कोण?’’

‘‘तुम्ही,’’ डोळेभाऊ म्हणाला.

‘‘नाक माझं आहे. नाकावर हे कोण म्हातारे बसलेत?’’

स्टुडिओच्या इतिहासातली ही पहिली तक्रार. बाकावर बसलेला बेकरीवाला दचकून उभा राहिला. आई आतून बाहेर आली. डोळेभाऊला थाप सुचेना, म्हणून तो खरं बोलला. ‘‘ते आजोबा आहेत.’’

‘‘कुणाचे?’’

‘‘माझे. पण सगळ्यांना तेच असतात.’’

तिने बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने मान डोलावली.

‘‘पुन्हा काढा,’’ ती म्हणाली.

पुन्हा काढला. पुन्हा पापण्या, पुन्हा आजोबा. परत काढला. ती चिकाटीची, आणि याला तर ती परत यावी हेच हवं होतं. फोटोपायी येणंजाणं वाढलं, ‘अहो’चं ‘अरे’ झालं, आणि एके दिवशी तळ्याकाठच्या जिन्याकडे बघत, कापडात डोकं असतानाच, धीर येऊन तो म्हणाला, ‘‘माझ्याशी लग्न करशील?’’

‘‘बाहेर येऊन विचार.’’

तो बाहेर आला. विचारलं.

ती म्हणाली, ‘‘हे बघ. तुझ्या हातून माझा फोटो निघत नाही. निघतो तो तुझ्या आजोबांचा. उद्या संसारात मी बोलायची आणि तू मागे वळून आजोबांकडे बघायचास. ज्या दिवशी माझ्या फोटोत माझे डोळे दिसतील, त्या दिवशी हो. तोवर मी पोस्टातली, तू फोटोवाला.’’

इकडे घरी त्याहून वाईट. त्याने तिचा फोटो हळूच आईपुढे सरकवला.

‘‘कशी वाटते?’’

आईने पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली. ‘‘अरे देवा! मामंजी गेले तेव्हा कुठे मी जेवताना मान वर केली. आता पुन्हा ताटासमोर हेच?’’

‘‘आई, ते डोळे मी काढलेत.’’

‘‘मग तिचे कुठे गेले?’’

‘‘मिटले होते.’’

‘‘म्हणजे एक तर वटारते, नाहीतर मिटून घेते. चांगली आहे!’’

‘‘अगं, पोस्टात जाऊन एकदा बघ तरी तिला.’’

‘‘बघून काय कळतं? बघायला गेलं की माणसं गोड हसतात. खरं काय ते फोटोत. तू फोटोवाल्याच्या पोटचा असून मला हे सांगायला लागावं?’’

आता फोटो खोटा म्हणावा तर तीन पिढ्यांचं दुकान खोटं. खरा म्हणावा तर बायको आजोबांसारखी. डोळेभाऊचं इकडे आड तिकडे विहीर झालं. दोन्ही बायकांना एकच हवं होतं: पोस्टातलीच्या चेहऱ्यावर पोस्टातलीचे डोळे. आणि ते जमवायचं याच्या एकट्याच्या हातात होतं.

हातानेच दगा दिला. तो रोज एक तिकीट घ्यायच्या निमित्ताने खिडकीशी जायचा, तिचे डोळे निरखायचा, आणि विसरायच्या आत धावत येऊन ब्रश उचलायचा. सुरुवात बरी व्हायची. डाव्या पापणीची कड तिची, आतला कोपरा तिचा. पण बुबुळाशी आलं की हात आपोआप वळायचा आणि आजोबा हजर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळलाही नव्हता. शेवटी त्याने डाव्या हाताने काढून पाहिलं. तेव्हा तापातून उठलेले आजोबा निघाले.

‘‘रोज तिकीट नेतोस, पत्र कुणाला लिहितोस रे?’’ तिने एकदा विचारलं.

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘मग निदान मला लिही. फोटो होईना तर पत्र तरी होऊ दे.’’

त्यालाही तोंडात काय यावं? ‘‘पत्रात काय लिहू? डोळे तर येणार नाहीत.’’ मागे रांगेत उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला.

मग तिनेच एक उपाय काढला. स्टुलावर बसून दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ताणून धरल्या. डोळेभाऊ ओरडला. पापण्या मिटल्या नाहीत, जागाच नव्हती. पण बुबुळं घाबरून वर निघून गेली. फोटोत एक बाई कांदा चिरता चिरता देवाघरी गेल्यासारखी दिसत होती. तो फोटो पाहून दोघं इतकी हसली, की आई आतून म्हणाली, ‘‘फोटो काढताय की दात?’’

हसणं ओसरलं तशी ती उठली. तिने पिशवी खांद्याला लावली.

‘‘माझ्या बदलीचं चाललंय. लांब. हो म्हणायचं की नाही, ते ठरवायचंय मला.’’

डोळेभाऊने मान खाली घातली. पुढचं सुचलं तेही तिलाच. दारापर्यंत गेलेली ती परत आली.

‘‘ऊठ,’’ ती म्हणाली. ‘‘मी जाण्याआधी एकदा मला आतून बघू दे, तुला काय दिसतं ते. तू बस स्टुलावर.’’

‘‘मी?’’

‘‘मग काय झुंबराला बसवू?’’

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो पडद्याकडे पाठ करून बसला होता. ती कापडात शिरली.

‘‘अगं बाई! तू उलटा दिसतोस.’’

‘‘सगळेच दिसतात.’’

‘‘आता काय करू?’’

‘‘प्लेट घातलीय. फुगा दाब. पण त्याआधी ओरड.’’

‘‘काय?’’

‘‘डोळे.’’

‘‘का?’’

‘‘ओरडलं की डोळे उघडे राहतात.’’

कापडातून आवाज आला, ‘‘राहतात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘पण ओरडायचं असतं.’’

‘‘माझा घसा दुखतोय,’’ ती म्हणाली, आणि फुगा दाबला.

डार्करूममध्ये तो एकटाच गेला. निगेटिव्ह न निरखताच छापून लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद सोडला आणि सवयीने ब्रश धुवायला घेतला. कागदावर हळूहळू काळं उमटायला लागलं. केस, कॉलर, मागचा जिना. आणि मग त्याने आजवर ट्रेमध्ये कधीच न पाहिलेलं काहीतरी वर यायला लागलं. आधी वाटलं, कागद खराब निघाला, डाग पडलेत. दोन सारखे डाग. डाग त्याच्याकडे बघत होते. साधे, थोडे ओशाळलेले, काही मागावं की नको अशा विचारात पडलेले डोळे. आजोबांचे नव्हते. बापाचे त्याला आठवत होते, त्यांचेही नव्हते. कुणाचे, हे कळायला त्याला हात पुसून, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या आरशापर्यंत जावं लागलं.

काखेत कळसा आणि तीन पिढ्या गावाला वळसा.

तो ओला कागद घेऊन बाहेर धावला. आईने कागद पाहिला, मुलाकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

‘‘तू असा दिसतोस होय? बरा आहेस की.’’ मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘म्हणजे मामंजी ओरडले म्हणून मी...’’ आणि काउंटरवर टेकून ती इतकी हसली की बाकावर जाऊन बसली. ‘‘आणि ते म्हणायचे, उजेड सोसत नाही!’’

‘‘आता माझा काढ,’’ पोस्टातली म्हणाली.

आता काम सोपं असायला हवं. फक्त ओरडायचं नव्हतं. पण ज्याने जन्मभर फुग्याबरोबर तोंड दाबलंय, म्हणजे उघडलंय, त्याला विचारा. पहिल्या प्लेटला त्याने ओठ घट्ट मिटले, फुग्यावर बोटं आवळली, आणि घशातून आपोआप निघालंच, ‘‘डो...’’ अर्धा शब्द गिळला. फोटोत त्याचा अर्धाच परिणाम झाला होता. एक डोळा उघडा, एक मिटलेला. पोस्टातली तळ्याकाठी बसून कुणालातरी डोळा मारत होती.

‘‘हा आईंना दाखवू नकोस,’’ ती म्हणाली.

‘‘आईंनी बघितला,’’ आई बाकावरून म्हणाली.

दुसऱ्या वेळी त्याने खिशातला रुमाल काढला, घडी घालून तोंडात कोंबला आणि कापडात शिरला. काचेत ती उलटी बसली होती. या वेळी ती हसत नव्हती. वाट बघत होती. रुमालातून ‘हं’ असा काहीतरी आवाज आला, तो कुणालाच ऐकू गेला नाही. त्याने फुगा दाबला.

प्रिंट त्याने वाळवली नाही. ब्रशाच्या टेबलाकडे पाहिलंही नाही. चिमट्यात धरून, पाणी ठिबकत असतानाच ती तिच्या पुढ्यात नेऊन धरली.

तिने बराच वेळ पाहिलं. चेहरा पडला.

‘‘एक डोळा लहान आहे,’’ ती म्हणाली.

‘‘आहे.’’

‘‘डावा. चांगलाच लहान आहे. तुला माहीत होतं?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुला दाखवायचा होता. सांगून काय कळतं?’’

ती पुन्हा फोटोकडे वळली. आई बाकावरून उठून मागे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या खांद्यावरून, मान चांगली वर करून, त्या दोन डोळ्यांकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि या स्टुडिओत रडायची पद्धत नव्हती.

‘‘ब्रशाने दोन्ही सारखे करता येतील?’’ पोस्टातलीने विचारलं.

डोळेभाऊने मान डोलावली. येतील. ते काम तो झोपेत करू शकला असता.

तिने प्रिंट चिमट्यासकट त्याच्या हातातून काढून घेतली आणि पाठीमागे धरली.

‘‘हात लावलास तर याद राख,’’ ती म्हणाली. ‘‘साहेबांना कळवते, बदली नको. रविवारी घरी या, दोघंही. आणि आई, आल्यावर ओळखाल ना मला? मी फोटोतल्यासारखीच दिसते.’’